मनोरा वसईत, घंटा भीमाशंकरी

मंचरहून सुटलेली एसटी घोडेगाव मागे टाकते. शिनोलीनंतर डिंभे धरणाचं पाणी दिसू लागतं आणि रस्ता वळणं घेत वर चढतो. तळेघरच्या आसपास हिरड्याची झाडं, पावसाळा असेल तर भाताची खाचरं, आणि मग खिडकीत नुसतं धुकं. गाडीतल्या निम्म्या माणसांना बारा ज्योतिर्लिंगांपैकी एकाचं दर्शन घ्यायचं असतं, उरलेल्यांना धुक्यात फोटो काढायचे असतात. दोनशेहून जास्त पायऱ्या उतरेपर्यंत दोघांची सरमिसळ झालेली असते. तळाशी भीमाशंकराचं देऊळ. आवारात शनीचं छोटं मंदिर, आणि त्याच्यासमोर दोन दगडी खांबांच्या मध्ये टांगलेली एक दांडगी घंटा.

येणारा हात वर करतो, टोला देतो आणि पुढे सरकतो. घंटा वाजवायची असते, न्याहाळायची नसते. त्यामुळे तिच्या अंगावरची उठावाची आकृती फार थोड्यांना दिसते. ज्याला दिसते, तो जरा घोटाळतो. एक आई आणि तिच्याजवळ लहानगं मूल. यशोदा म्हणावी तर मुकुट-मोरपीस नाही, पार्वती म्हणावी तर मुलाला सोंड नाही. ती मेरी आहे आणि ते बाळ येशू. ही घंटा चर्चची आहे.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत पाहण्यासारख्या जागांची टंचाई नाही. जुन्नरला तर राज्य सरकारनं २०१८ साली पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं. शिवनेरी, नाणेघाट, लेण्याद्री, ओझर, माळशेज, झालंच तर द्राक्षांच्या हंगामातले मळे, अशी यादी कोणीही एका दमात म्हणून दाखवतो. आंबेगावच्या बाजूला भीमाशंकर, शेकरूचं अभयारण्य आणि डिंभ्याचं पाणी. या याद्यांत वसाहतकाळातल्या चर्चचं नाव सहसा येत नाही. गोव्याला जाणारा माणूस चर्च पाहायला जातो, वसईला जाणारा पडकी चर्च पाहायला जातो. घोडनेर आणि भीमनेरात, म्हणजे घोड आणि भीमेच्या खोऱ्यांत, त्याचं काय काम? तरीही एका पोर्तुगीज चर्चचा आवाज गेली पावणेतीनशे वर्षं याच डोंगरात आहे. मनोरा तिकडे राहिला, घंटा इकडे आली.

कशी आली, हे मराठी माणसाला शाळेपासून अर्धं माहीत असतं. गुजरातच्या बहादूरशहानं १५३४ साली वसई पोर्तुगीजांना दिली, आणि पुढची दोनशे पाच वर्षं समुद्रकाठचं ते गाव त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाची राजधानी म्हणून भरभराटलं. तटाच्या आत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन आणि ऑगस्टिनियन पंथांनी आपापली चर्च आणि मठ उभारले. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया पुढे जपानला गेला, १५९७ साली नागासाकीत क्रुसावर मारला गेला आणि १८६२ साली संत ठरला. भारतात जन्मलेला तो पहिला कॅथलिक संत. मग १७३९ साल उजाडलं. बाजीराव पेशव्यांचे भाऊ चिमाजी अप्पा यांच्या फौजेनं वेढा घातला, बुरुजाखाली सुरुंग लावले, हजारो माणसं खाडीच्या चिखलात आणि तटाच्या खिंडारात पडली. मे महिन्यात पोर्तुगीज तहाला आले आणि किल्ला रिकामा करून निघून गेले. गावाचं नावही काही काळ बदललं, वसईची बाजीपूर झाली.

शाळेतला धडा इथे संपतो. घंटांची गोष्ट त्याच्या पुढची.

त्या काळच्या युद्धात घंटा ही मोलाची लूट होती. घंटेच्या ओतकामात तांबं आणि कथील असतं, तोफेच्या ओतकामातही तेच, फक्त कथील कमी. युरोपात तर पडलेल्या शहरातल्या घंटांवर जिंकणाऱ्या तोफखान्याचा रिवाजानं हक्क धरला जाई. घंटा वितळायची आणि तोफ ओतायची, हा सरळ हिशेब होता. मराठ्यांनाही तोफा हव्याच होत्या. पण वसईच्या या घंटा भट्टीत न जाता देवाच्या दारात गेल्या. शत्रूची वस्तू आपल्या दैवताला वाहायची, म्हणजे विजय देवाच्या नावावर जमा होतो, हा त्यातला भाव. नकळत त्यातून आणखी एक गोष्ट झाली. घंटा घंटाच राहिली.

परंपरा सांगते की चिमाजी अप्पांनी पाच मोठ्या घंटा आणल्या. एक भीमाशंकरी, एक वाईजवळच्या मेणवलीत, पुण्यात ओंकारेश्वर आणि बनशंकर, शिरूरला रामलिंग. पण थेऊरच्या चिंतामणीचे भाविकही आपली घंटा वसईची म्हणून दाखवतात, पालीच्या बल्लाळेश्वराचेही दाखवतात. नाशकात पंचवटीत नदीकाठी नारोशंकराच्या देवळाला जी प्रसिद्ध घंटा आहे तिच्यावर १७२१ हे साल ओतलेलं आहे आणि तिचीही जन्मकथा वसईपाशीच जाते. गोदावरीला पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुतीबरोबर या घंटेचंही नाव काढतात. सगळ्यांच्या याद्या जोडल्या तर आकडा पाचात काही बसत नाही. वसईत, तिच्या आसपास आणि साष्टीत चर्च पुष्कळ होती, तेव्हा घंटाही पुष्कळ निघाल्या असणार. लोकांच्या आठवणीत मात्र पाच हा आकडा नीट बसतो. पांडव पाच, बोटं पाच, घंटाही पाच.

भीमाशंकर आणि मेणवली यांना जोडणारा आणखी एक माणूस आहे. भीमाशंकराच्या देवळाचं शिखर नाना फडणीसांनी बांधवलं असं सांगतात, आणि मेणवलीचा वाडा आणि घाट तर नानांचाच. वसई पडली तेव्हा नाना जन्मलेही नव्हते. त्यांचा जन्म १७४२ चा. पण त्यांच्या घाटावर आजही जी घंटा टांगली आहे तिच्यावरही तेच मायलेक आहेत. 'स्वदेश'च्या चित्रीकरणामुळे मेणवलीचा घाट देशभर पाहिला गेला. त्या पाण्याकडे बघताना घंटेकडे किती जणांचं लक्ष गेलं असेल, कोण जाणे.

वसईच्या विजयाचा दुसरा धागा जुन्नर तालुक्यात, कुकडनेरात सापडतो. ओझरचा विघ्नेश्वर हा अष्टविनायकांतला. दारी दगडी दीपमाळा, मागे कुकडीचं पात्र, आणि डोळ्यांत भरतं ते सोनेरी शिखर. वसई घेतल्यावर चिमाजी अप्पांनी देवळाचा जीर्णोद्धार केला आणि शिखराला सोनं चढवलं, अशी इथली परंपरा. म्हणजे एकाच लढाईचा नाद आंबेगावच्या डोंगरात गेला आणि झळाळी जुन्नरच्या मळ्यांत आली. ओझरला येणारा भाविक विघ्न हरण्याचं मागणं मागतो. पावणेतीनशे वर्षांपूर्वी त्या मागण्याचा एक अर्थ अगदी रोकडा होता, समोरचा तट पडू दे. तो पडला, पण नवस फेडणाऱ्याला फार दिवस लाभले नाहीत. १७४० च्या एप्रिलात बाजीराव गेले आणि डिसेंबरात चिमाजी अप्पा. वसईनंतर ते जेमतेम दीड वर्ष जगले.

या मुलखाला अशा अदलाबदलीचं नवल वाटू नये. लेण्याद्रीचंच पाहा. गिरिजात्मजाचं ठाणं आहे ते सातव्या क्रमांकाच्या लेण्यात, आणि ते लेणं म्हणजे बौद्ध भिक्खूंचा विहार. एकही खांब नसलेलं प्रशस्त दालन, भिंतींत भिक्खूंच्या खोल्या, आणि त्या दालनाच्या भिंतीत आता शेंदूर लावलेला गणपती. डोंगर पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असल्यानं अष्टविनायकांपैकी या एका देवाकडे जाताना सरकारी तिकीट काढावं लागतं. भाविक कुरकुरतो, तिकीट घेतो, पायऱ्या चढतो आणि वर पोचल्यावर खालचं हिरवं खोरं पाहून सगळं विसरतो.

त्याहून जुनी गोष्ट जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांत आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इथे तीन यवनांनी, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परदेशी माणसांनी, बौद्ध संघाला दान दिलं. इरिल नावाच्या एकानं पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी, खोदवल्या, चिट नावाच्या दुसऱ्यानं भोजनमंडप दिला, चंद नावाच्या तिसऱ्यानं गाभाऱ्याचं दार. समुद्रापलीकडची ही माणसं जुन्नरला कशी पोचली, याचं उत्तर नाणेघाटात मिळतं. सातवाहनांच्या काळात देशावरचा माल याच घाटानं कल्याण आणि सोपारा बंदरांकडे उतरत असे, जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण अजून घाटाच्या तोंडाशी बसलेला आहे. आणि सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा, वसईच्या शेजारचं. वसईचा किनारा आणि जुन्नरचा डोंगर यांची ओळख चिमाजी अप्पांच्या आधी सतराशे वर्षांची. त्या वाटेनं यवनांनी दिलेलं दान वर आलं आणि पुढे वसईकडून घंटा वर आली. पहिलं आपखुशीनं दिलेलं होतं, दुसरं नव्हतं. हा फरक पुसून टाकण्यात अर्थ नाही.

कारण घंटेची एक बाजू वसईलाही आहे.

वसईच्या किल्ल्यात आज शिरलं की आधी झाडं दिसतात, मग झाडांतून डोकावणाऱ्या भिंती. सेंट जोसेफ या मुख्य चर्चवर १६०१ साली ते नव्यानं बांधल्याचा लेख आहे. त्याच्या मनोऱ्यात वर जाणारा दगडी जिना आहे. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये फरशीवरून चालताना पावलं अडखळतात, कारण फरशी म्हणजेच कबरींचे दगड आहेत, त्यांवर घराण्यांची चिन्हं आणि पोर्तुगीज नावं कोरलेली. जेझुइटांच्या चर्चचा दर्शनी भाग सर्वांत शाबूत. खांबांची नक्षी, कमान, आणि कमानीतून दिसणारं मोकळं आभाळ. छपरं गेली, लाकूड गेलं, दगड राहिला. मुंबईत राहून इतिहास लिहिणाऱ्या डॉ. जर्सन द कुन्हा यांनी १८७६ साली चौल आणि वसईच्या अवशेषांवर पुस्तक लिहिलं, तेव्हाही ही चर्च अशीच उघडी पडलेली होती.

शनिवार-रविवारी इथे लग्नाआधीच्या फोटोंसाठी जोडपी येतात. नवरी लांब झगा सावरत पायरीवर उभी, कॅमेरावाला "जरा वर बघा" म्हणतोय. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या २०१६ च्या एका गाण्याच्या चित्रफितीतही हा किल्ला दिसतो. पडकी कमान छायाचित्रात फार छान येते. आत आवाज नाही, ही गोष्ट छायाचित्रात येत नाही.

किल्ल्याबाहेर मात्र चर्च गजबजलेली आहेत. रमेदी, पापडी, नंदाखाल, गिरीज, प्रत्येकाचा सण ठरलेला, प्रत्येकाचं गाव त्याच्याभोवती. इथले ख्रिस्ती मराठी बोलतात, सामवेदी बोलतात, केळीच्या आणि फुलांच्या वाड्या कसतात. २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. अशा माणसांना १७३९ कसा आठवावा? मराठी म्हणून तो विजय त्यांचाही आहे, आणि पणजोबांच्या पणजोबांची घंटा ज्या युद्धात गेली ते युद्धही तेच. किल्ल्यात चिमाजी अप्पांचं स्मारक आहे, आणि त्याच तटाच्या आत दर वर्षी गोन्सालो गार्सियाचा सण साजरा होतो. वसईला दोन्ही आठवणी एकाच भिंतीच्या आत सांभाळाव्या लागतात. डोंगरावरच्या माणसाला एकच सांभाळून चालतं.

घंटा मात्र दोन्हीकडची रीत शिकली आहे. चर्चमध्ये ती मनोऱ्यात उंच असते, दोर ओढणारा एकच, ऐकणारं सगळं गाव. पहाटे, दुपारी, तिन्हीसांजेला ती शेतातल्या माणसाला थांबवते, लग्नाला बोलावते, कोणी गेलं तर तेही कळवते. वर चढवण्याआधी तिला आशीर्वाद देतात, नावही ठेवतात. देवळात घंटा हाताच्या उंचीवर येते. इथे ती कोणा गावाला बोलावत नाही. प्रत्येकजण आपापला टोला देतो आणि देवाला कळवतो की आलोय. पूजेतल्या घंटेचं कामही तेच, देवांनी यावं आणि वाईटानं निघून जावं. मनोऱ्यातून उतरून खांबांमध्ये आल्यावर घंटेचं काम उलटं झालं. पूर्वी एकजण वाजवायचा आणि हजार ऐकायचे. आता हजार वाजवतात, आणि ऐकणारा एक आहे.

घंटा चर्चमधून देवळातच जाते असंही नाही, चर्चमधून चर्चमध्येही जाते. पणजीच्या पांढऱ्या पायऱ्यांच्या चर्चची मोठी घंटा मुळात जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियनांच्या चर्चची. ते चर्च ओस पडलं, घंटा आधी आग्वादच्या दीपगृहात गेली आणि १८७१ साली पणजीत चढली. जुन्या गोव्यात ऑगस्टिनियनांचा तो मनोरा आज अर्धाच उभा आहे, आणि त्याला पाहायला जगभरातून माणसं येतात, कारण जुन्या गोव्याची चर्च १९८६ पासून युनेस्कोच्या वारसायादीत आहेत. मनोऱ्यापाशी माहितीचा फलक आहे, पणजीत घंटा आहे. सांगणारा दोन्ही जोडून सांगतो, आणि ऐकणारा मनातल्या मनात ती घंटा पुन्हा वर चढवतो.

पेशवाईची गोष्टही १७३९ ला थांबत नाही. पुण्यात क्वार्टर गेटपाशी, नाना पेठेच्या कडेला, जे सिटी चर्च आहे त्याची जागा पेशव्यांनी दिलेली. साल १७९२. गादीवर सवाई माधवराव, कारभार नाना फडणीसांचा. पेशव्यांच्या चाकरीत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई आणि पोर्तुगीज अंमलदार होते, त्यांना प्रार्थनेला जागा हवी होती. वसईच्या घंटा उतरवणाऱ्या घराण्यानं त्रेपन्न वर्षांनी स्वतःच्या राजधानीत चर्चला जमीन दिली, आणि ती द्यायच्या वेळी कारभारी कोण, तर ज्याच्या गावच्या घाटावर वसईची घंटा टांगली आहे तो. इतिहासाच्या पुस्तकात या दोन नोंदी वेगवेगळ्या प्रकरणांत पडतात. भीमाशंकराच्या आवारात त्या शेजारी उभ्या राहतात, वर नानांचं शिखर, खाली मेरीची घंटा.

जुन्नर-आंबेगावच्या वाटाड्यांकडे सांगायला पुष्कळ आहे, आणि ते हौसेनं सांगतातही. शिवनेरीवर शिवाई, नाणेघाटात नागनिकेचा लेख, लेण्याद्रीला पार्वतीची तपश्चर्या. भीमाशंकरच्या घंटेपाशी आलं की वाक्य ठरलेलं असतं, ही वसईची घंटा, चिमाजी अप्पांनी आणली. वाक्य खरं आहे, फक्त अर्धं आहे. ती कुठे टांगलेली होती, तिच्यावर कोण आहे, ज्यांनी ती ओतून घेतली त्यांचं पुढे काय झालं, त्यांच्या गावी आज काय उरलं आहे, एवढं सांगायला आणखी दोन मिनिटं लागतील. ओझरच्या शिखराकडे बोट दाखवताना वसईचा तट आठवावा, वसईच्या रिकाम्या मनोऱ्याखाली उभं राहून भीमाशंकरचं धुकं आठवावं, असा एखादा दौरा कोणी आखला तर त्याला नवं काही बांधावं लागणार नाही. सगळं जागेवर आहे, फक्त दोन टोकांना आहे.

फेब्रुवारीत वसईच्या किल्ल्यात, जेझुइटांच्या त्या बिनछपराच्या चर्चमध्ये, गोन्सालो गार्सियाच्या सणाला माणसं जमतात. वेदीवर फुलं, डोक्यावर आभाळ, भिंतीतून उगवलेल्या पिंपळाची पानं हलतायत. प्रार्थना मराठीत चालते. वरच्या रिकाम्या जागेत कबुतरं बसलेली.

तिकडे भीमाशंकरी महाशिवरात्रीची तयारी लागलेली असते. रांग पायऱ्यांवर मागेपर्यंत पोचली आहे. बापाच्या खांद्यावर बसलेलं एखादं पोर घंटेच्या अगदी तोंडासमोर येतं, मोठ्यांना जे दिसत नाही ते त्याला दिसतं.

"बाबा, हिच्याकडे बाळ आहे."

"असेल. देवी असेल. वाजव पटकन."

पोर दोन्ही हातांनी लोळा धरून आपटतं. आवाज खांबांतून सुटतो, शिखरावरून जातो, खालच्या झाडीत घुमत राहतो. मागच्या आजी दोघांनाही पुढे सरकायला सांगतात.